‘कुणाला सांगणार नाही ना, बाई?’

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मानसशास्त्रात एम. ए. झालेली, तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत आठ महिन्यांपूर्वी समुपदेशक म्हणून लागलेली. आठवीतल्या एका मुलानं बाही वर करून तिला मनगटावरचे ओरखडे दाखवले, कर्कटकाच्या टोकानं काढलेले. ‘आईला सांगू नका’ म्हणाला आणि तिनं मान डोलावली. त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी तिची नोंदवही मागितली. पगार संस्था देते, मग मुलं काय बोलतात ते संस्थेला कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. ती विचारते: मी नेमकी कुणाची? मुलाची, पालकांची, की शाळेची?

आधी त्या मुलाचं बघू. नोंदवहीचा वाद आठवडाभर थांबला तरी चालेल, हे थांबणार नाही. उद्याच त्याला बोलवा आणि सरळ शब्दांत विचारा: मरून जावंसं वाटतं का, तसं काही ठरवलंयस का, कधी, कशानं. असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल ही भीती शिक्षकांना असते, सुरुवातीला आपल्यालाही असते. ती खरी नाही. कुणीतरी थेट विचारलं म्हणून खांदे सैल सोडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. बरीच मुलं जीव द्यायला नव्हे, आतली घालमेल घटकाभर थांबावी म्हणून ओरखडे काढतात. पण हा मुलगा त्यातला आहे की दुसऱ्यातला, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. त्यानं काही ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवा. जवळ कुणीच नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि उत्तर काहीही आलं तरी आईला सांगावं लागणार आहे. तुम्ही मान डोलावली होती तरीही. तो तेरा वर्षांचा आहे, आणि रात्री त्याच्याजवळ तुम्ही नसता, आई असते.

फक्त आईला सांगण्याआधी, तुम्ही सांगणार आहात हे त्याला सांगा. त्याच्या पाठीमागे नको. या एका गोष्टीपाशी मी स्वतः चुकले आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. (पुढच्या सगळ्या प्रसंगांत मुलांची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.)

2014 ची गोष्ट. मला या कामात पंधरा वर्षं होत आली होती. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली, दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, ‘एक सांगायचंय. पण कुणाला सांगणार नाही ना, बाई?’ मी म्हणाले, ‘नाही गं, बस.’ पंधरा वर्षं मी हेच म्हणत आले होते, जिभेला वळणच पडलं होतं. तिनं सांगितलं ते घरातल्या एका नातेवाइकाबद्दल होतं. ती बोलत असताना मला घाम फुटला, कारण पॉक्सो कायदा 2012 च्या नोव्हेंबरात लागू झाला होता आणि मला तो पाठ होता. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं, किंवा होण्याची भीती असल्याचं, ज्याला कळेल त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच हवं. समुपदेशकाला सूट नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थाप्रमुखानं दडवलं तर वर्षापर्यंत. कायदा बदलला, तरी माझं पहिलं वाक्य जुनंच राहिलं होतं.

शाळेत तेव्हा आधी घरच्यांना बोलावून विचारू, चौकशी समिती नेमू, असा सूर निघाला. ज्या घरात तो माणूस राहतो त्याच घराला आधी खबर द्यायची! चौकशी हे शाळेचं काम नाही आणि तेवढा वेळ कायदा देतही नाही. त्या संध्याकाळी कळवलं गेलं. इथवर मी बरोबर वागले असं आजही मानते.

पण मुलीला मी काहीच सांगितलं नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घेतात, होईल तोवर महिला अधिकारीच घेते, गणवेश घालून येत नाही, तिचं नाव कुठं छापता येत नाही, हे सगळं मला माहीत होतं. तिच्या शेजारी बसून दहा मिनिटांत सांगता आलं असतं. तिला ते थेट पोलीस आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, ‘तुम्ही नाही म्हणाला होतात ना, बाई?’ त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. उन्हाळ्यात मामाच्या गावच्या शाळेत दाखला गेला.

तेव्हापासून पहिल्या भेटीत, मूल काही बोलू लागण्याआधीच, मी हे म्हणते: ‘इथं तू बोलशील ते मी बाहेर सांगत नाही. तीन गोष्टी सोडून. तू स्वतःला काही करून घेणार असशील, दुसऱ्याला करणार असशील, किंवा कुणी तुझ्याशी घाणेरडं वागत असेल, तर मी गप्प बसू शकत नाही. पण तेव्हाही आधी तुला सांगेन, मग बाकीच्यांना.’ मग मूल काय समजलं ते त्याच्याच शब्दांत विचारते. पाचवीतल्या एका मुलानं उत्तर दिलं होतं, ‘म्हणजे मार्क कमी पडले ते नाही सांगणार, कुणी त्रास दिला तर सांगणार.’ एवढं पुरे.

असं आधीच सांगितलं तर मुलं बोलणारच नाहीत, असं काही सहकारी म्हणतात. काही मुलं नाहीच बोलत, हे खरं आहे. एक-दोन भेटी नुसत्या चित्रं काढत बसतात. तरी मला हीच रीत पटते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना मोठ्या माणसांनी शब्द देऊन मोडलेला असतो, आणि त्या माणसांत मला आपली भर घालायची नाही.

आता ‘मी कुणाची’ हा प्रश्न. तो तुमच्या एकटीचा नाही, आपल्या पेशाइतकाच जुना आहे. शाळेसाठी अधिकृतपणे नेमलेला पहिला मानसशास्त्रज्ञ म्हणून सिरिल बर्ट यांचं नाव घेतात. 1913 मध्ये लंडनच्या नगर परिषदेनं त्यांना नेमलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून पगार देणारा एक आणि समोर बसणारा दुसरा, अशीच या कामाची रचना आहे. माझं उत्तर असं: शाळा माझी मालक आहे आणि पालक मुलाच्या वतीनं संमती देणारे आहेत, दोघांनाही माझ्याकडून हिशेब मागायचा हक्क आहे. पण माझ्या हातून काही चुकलं तर सोसायचं मुलाला. म्हणून तिघांचं हित एकमेकांना आडवं आलं की मी मुलाच्या बाजूनं उभी राहते, आणि हे नोकरीला लागतानाच मुख्याध्यापकांना सांगून ठेवते, लेखी. भांडण झाल्यावर सांगितलेलं तत्त्व बहाण्यासारखं दिसतं.

हे प्रत्यक्षात किती अवघड जातं ते मला सोलापुरात कळलं. साल 2006. तिथल्या एका मराठी शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस जायचे. मुख्याध्यापक भला माणूस, मुलांच्या फिया स्वतःच्या खिशातून भरणारा. ते म्हणाले, ‘बाई, तीन वर्षं दहावीचा निकाल शंभर टक्के लागतोय. यंदा नववीतल्या कच्च्या पोरांची टेस्ट घ्या आणि मला यादी द्या. त्यांना सतरा नंबर भरायला लावू.’ सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे मूल बाहेरून बसणार, नापास झालं तरी शाळेच्या निकालाला डाग नाही.

मी यादी दिली नाही. कारण अगदी साधं होतं. चाचणीसाठी पालकांच्या सह्या घेतल्या होत्या त्या कागदावर ‘मुलाला अभ्यासात मदत व्हावी म्हणून’ असं लिहिलं होतं. मदतीसाठी मागितलेली माहिती मुलाला बाहेर काढायला वापरायची, हा त्या सहीशी केलेला दगा आहे. पॅरिसमध्ये 1905 साली आल्फ्रेड बिने यांनी पहिली बुद्धिचाचणी बांधली ती वर्गात मागं पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठी. पुढं तिच्या वंशातल्या चाचण्यांनी किती मुलांना दार दाखवलं, तो इतिहास आपण सगळे शिकतो आणि शाळेत पाऊल टाकल्यावर विसरतो.

त्या नववीत एक मुलगा होता. पूर्व भागात राहणारा, घरी तेलुगू बोलणारा, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. मराठी वाचताना ‘भाकरी’चं ‘भारकी’ व्हायचं, फळ्यावरचं उतरवताना अर्धी ओळ गळायची. तोंडी हिशेब मात्र विजेसारखा. पंचवीस विड्यांचं बंडल, हजारात किती? ‘चाळीस,’ प्रश्न संपायच्या आत. अध्ययन अक्षमतेची सगळी लक्षणं. आपल्या राज्यात नव्वदच्या दशकापासून अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं सर्टिफिकेट लागतं, आणि तेव्हा त्यासाठी 85 बुद्ध्यांकाची रेघ मानली जायची. 70 च्या खाली मतिमंदत्वाचा दाखला. मधल्या मुलांना काहीच नाही.

मी मलिनची बुद्धिचाचणी घेतली, नागपूरला 1969 मध्ये भारतीय मुलांसाठी बांधलेली. रंगीत ठोकळ्यांची रचना चालू होती, माझ्या हातात स्टॉपवॉच. त्याचं लक्ष सारखं घड्याळाकडे. वेळ संपली तेव्हा दोन ठोकळे राहिले होते. तो म्हणाला, ‘बाई, घड्याळ बंद करून करू का?’ मी घड्याळ पिशवीत टाकलं. त्यानं एक ठोकळा हातात घेऊन चारही बाजू पाहिल्या, तिरका बसवला, दुसरा बसवला, आणि चित्राशी ताडून पाहून हात मागं घेतला. अचूक. नियमाप्रमाणं गुण शून्य.

शाब्दिक भागाचे 73, कृतीच्या भागाचे 91. सरासरी 82.

आई माझ्या टेबलासमोर बसली होती, पदराला तंबाखूचा वास, बोटांची टोकं काळसर झालेली. तिला आकडा कळला आणि रेघही कळली. ‘तीनच कमी हायत ना, बाई? लिहा की.’

मी त्या रात्री झोपले नाही. तीन गुण वाढवणं म्हणजे कागदावर एका घरातला आकडा इकडचा तिकडे करणं. कुणालाही कळलं नसतं. पण एकदा असं लिहिलं की माझ्या सहीचा प्रत्येक अहवाल रुग्णालयाच्या दृष्टीनं रद्दी होतो, आणि त्याची किंमत पुढच्या खऱ्या मुलांनी मोजायची. दुसरी पळवाट म्हणजे हवा तो आकडा येईपर्यंत चाचण्या बदलत राहणं. तेही मी नाकारलं. दुसरी चाचणी घ्यायला सबळ कारण हवं. आकडा आवडला नाही हे कारण होत नाही.

पण नुसता 82 लिहून मोकळं होणं हेही खोटंच होतं, आणि हे मला त्या रात्री पहाटे कधीतरी उमगलं. प्रत्येक बुद्ध्यांकाला चार-पाच गुणांची मागंपुढं सूट असतेच. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाची शाब्दिक चाचणी मराठीत घेतली तर ती बुद्धीइतकीच मराठीची परीक्षा होते. आपल्याकडच्या चाचण्याच मोजक्या. 1930 च्या दशकात व्ही. व्ही. कामतांनी बिनेची चाचणी कानडी आणि मराठी मुलांवर बसवली, तो मोठा पायंडा होता. पण तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरच्या मुलासाठी माझ्या कपाटात काहीही नव्हतं. म्हणून मी दोन्ही आकडे वेगळे लिहिले, सरासरी काढणं या मुलाच्या बाबतीत का योग्य नाही ते लिहिलं, शाब्दिक गुण बुद्धीचे म्हणून वाचू नयेत असं स्पष्ट लिहिलं, आणि घड्याळ बंद केल्यावर काय झालं तेही जसंच्या तसं लिहिलं. अहवाल चार पानांचा झाला. आईला तो मी वाचून दाखवला, मधे शेजारची मुलगी तेलुगूत समजावत होती. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या घराला तो कळायला हवा, नाहीतर सही घेण्याला अर्थ काय.

सर्टिफिकेट मिळालं नाही. पण माझ्याकडून यादी न गेल्यामुळे सतरा नंबर कुणालाच भरायला लावता आला नाही, आणि मुलगा शाळेतूनच बसला. गणितात 61. मराठी राहिलं, ते ऑक्टोबरला सुटलं. त्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला नाही आणि पुढच्या जूनमध्ये मला बोलावणं आलं नाही. तुम्हालाही कधीतरी ही किंमत मोजावी लागेल, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता नोंदवही. ती देऊ नका, पण नुसतं ‘देणार नाही’ म्हणून दार लावूही नका. दोन वह्या ठेवा. एक शाळेची: तारीख, वर्ग, कुणी पाठवलं, किती भेटी, शिक्षकांनी काय करावं. ती मुख्याध्यापकांनी केव्हाही पाहावी. दुसरी तुमची, कुलपात, त्यात मूल काय बोललं ते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 नं उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, तो त्यांना शांतपणे दाखवा. वर्गशिक्षकाला मुलाला मदत करण्यापुरतं कळलं की झालं. ‘त्याला उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका, पहिल्या बाकावर बसवा’ एवढं पुरतं. घरी वडील पिऊन येतात हे त्यांना कळायचं कारण नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ‘त्या अमक्याचं काय निघालं हो?’ असं विचारतात, तेही बहुतेक वेळा काळजीनंच. तिथं माझं ठरलेलं वाक्य आहे: ‘त्याच्यासाठी वर्गात काय करता येईल ते सांगू का?’ आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मुलाबद्दल एक अक्षर नको, नाव न घेता सुद्धा. लहान गावात नाव घ्यावं लागत नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण शाळेत काम करता म्हणून सांगते, याहून अवघड प्रसंग पुढं आहे. सोळा-सतराची मुलगी येऊन सांगेल की तिचं एका मुलावर प्रेम आहे आणि ते जवळ आले आहेत. जबरदस्ती नाही, तिच्या मर्जीनं. अठराच्या आत मर्जीला कायद्यात अर्थ नाही, आणि कळवण्याचं बंधन तेच. कळवलं तर मुलावर गुन्हा, मुलीचं शिक्षण बंद, घाईनं लग्न. हे मी होताना पाहिलं आहे. हा कायदा इथं मुलांच्या भल्याचा ठरत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. तरी माझ्या मतावर विसंबून कायदा मोडा असं मी तुम्हाला सांगणार नाही. काही जण मुलगी बोलू लागली की मधेच थांबवतात, ‘पुढचं मला सांगू नकोस’ म्हणून. मला ते पटत नाही. थांबवलेली मुलगी कदाचित सोळाची नसेल, तिचा ‘मित्र’ तिशीचा असेल, तिचे फोटो कुणाच्या हातात असतील. थांबवलं तर हे कधीच कळणार नाही.

मी करते ते असं. दर जूनला आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात एक तास घेते. पॉक्सो काय आहे, अठरा म्हणजे अठरा, कुठलं सांगितलं तर मला कळवावं लागतं, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कुणीही फोन करू शकतं. मुलं खाली माना घालून ऐकतात, पण ऐकतात. मग जी येते ती जाणून येते. आणि अशी वेळ आली तर एकटीनं ठरवत नाही. बालकल्याण समिती आणि एखादा जाणता वकील यांच्याशी त्याच दिवशी बोलते, आणि काय ठरवलं, का ठरवलं, ते तारखेनिशी लिहून ठेवते.

आणखी दोन गोष्टी झटकन. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, तुमच्या-माझ्यासारख्या शाळेत काम करणाऱ्यांचं बरंचसं काम त्या चौकटीबाहेर चालतं. म्हणून आपली पदवी जेवढी आहे तेवढीच पाटीवर लिहा, आणि निदान लिहिण्याचा अधिकार नसेल तिथं ‘लक्षणं दिसतात, पुढील तपासणी व्हावी’ एवढ्यावर थांबा. दुसरं, तालुक्याच्या गावात ज्या मुलाला तुम्ही भेटता त्याची आई तुमच्या भिशीत असते. ते टाळता येणार नाही. भेटल्यावर आपण होऊन विषय काढायचा नाही, आणि तिनं काढला तर ‘शाळेत या, निवांत बोलू’ म्हणायचं.

आता उद्याचं. मुलाला बोलवा. आधी आपली चूक कबूल करा: मी मान डोलावली तेव्हा तुला पूर्ण सांगायला हवं होतं, ते राहिलं. मग आईला का सांगावं लागणार ते सांगा. तो रडेल, चिडेल, कदाचित उठून जाईल. जाऊ द्या, पण कुणाची तरी नजर त्याच्यावर असू द्या. पुन्हा आला की निवड त्याच्या हातात द्या: आईला मी सांगू, तू सांगशील, की दोघं मिळून सांगायचं? ती आली की तू आत बसशील की बाहेर? मी आईला काय सांगणार ते शब्द त्याच्यासमोर कागदावर लिहा, नको असलेला एखादा शब्द त्याला खोडू द्या. आईलाही आधी दोन वाक्यांत तयार करा: ओरडायचं नाही, शपथ घ्यायला लावायची नाही. माझ्याकडच्या बऱ्याच मुलांनी ‘दोघं मिळून’ निवडलं. मी पहिलं वाक्य बोलले, आणि पुढचं बोलण्याआधीच त्यांनी स्वतःच बाही वर केली.